शेळीच्या गळ्यातलं इंजिन

फेब्रुवारी सरत आला की सकाळी दार उघडल्याबरोबर आधी नाकाला बातमी लागते. कुठंतरी हळद शिजतेय. ओल्या मातीचा, वाफेचा, जरासा कडवट असा तो वास हिंगोलीत आमच्या घरापर्यंत येतो, कारण घर गावाच्या कडेला आहे आणि पलीकडं नुसती शेतं. मी पदराला हात पुसत ओट्यावर येऊन उभी राहते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "झालं. तुझ्या इंजिनांचा सीझन आला." साऱ्या जिल्ह्याला हळदीचा हंगाम असतो, आमच्या घराला हा दुसराही असतो.

इंजिनं म्हणजे खेळण्यातली. पत्र्याची, चावी भरली की कुरकुर करत चालणारी रेल्वेची इंजिनं. चाळीस-पन्नास वर्षांमागं जत्रेत मिळायची तसली. माझ्याकडं एकोणीस आहेत. मी निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली, दोन्ही लेकी आपापल्या घरी सुखात. अशा बाईनं लोणची घालावीत, भजनाला जावं, गुडघ्यांची तक्रार करावी, अशी लोकांची अपेक्षा. गुडघ्यांची तक्रार मी करते, पण माझे गुडघे गेले ते भंगारवाल्यांच्या ढिगापुढं उकिडवी बसून. शेजारणी मला तोंडावर 'हौशी' म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

हे सगळं सुरू केलं ते यांनीच. लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला आम्ही औंढ्याच्या जत्रेला गेलो होतो. चालता चालता मी सहज बोलून गेले, की आम्ही पाच बहिणी, लहानपणी आमच्या घरात खेळणं असं आलंच नाही. हे गर्दीत शिरले. थोड्या वेळानं गर्दीतून परत आले ते हातात लाल इंजिन घेऊन. मी लाजेनं अर्धी झाले. नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि हातात चावीची गाडी! घरी जाईपर्यंत ते मी पिशवीत बत्ताशांच्या खाली लपवलं. पुढच्या वर्षी त्याच जत्रेतून यांनी तसंच आणखी एक आणलं. म्हणाले, "जोडी असू दे."

दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवली आणि मी बघतच राहिले. पहिल्या इंजिनाच्या खिडकीत जो डायव्हर छापला होता त्याला मिशी होती. दुसऱ्याला नव्हती.

"अगं, तेच इंजिन हाये," हे म्हणाले.

"तेच कसं? ह्याला मिशी न्हाई."

"रंग कमी पडला असंल."

"रंग कमी पडला तर मग नाक कसं छापलं बराबर?"

यांनी दोन्ही इंजिनं उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, आणि शेवटी कबूल केलं की एकाला मिशी आहे. तेवढ्यानं मला इतका आनंद झाला, की डी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. कुणीतरी कारखान्यात बसून एका डायव्हरला मिशी काढली आणि पुढं कधीतरी ती पुसून टाकली. का पुसली? मालकाला आवडली नाही? चित्र काढणारा बदलला? का कुणाच्या बायकोनं सांगितलं? हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तरी पत्र्यावर ते तसंच्या तसं उरलेलं आहे. मला ह्याचं वेडच लागलं.

मग डोळ्याला सवय लागली. चावीचं भोक उजवीकडं की डावीकडं. चाकं सहा की आठ. धुराड्याला वरून कंगोरा आहे की सपाट. कोळसा काळा रंगवलाय की पत्रा नुसताच फुगवून सोडलाय. पत्र्याच्या कडा जिथं जुळतात तिथं बारीक जिभा वळवलेल्या असतात, त्या एकीकडं किती, दुसरीकडं किती. आणि खरी गंमत पोटात. इंजिन उलटं करून उजेडाला धरायचं. आत कधी बिस्किटाच्या डब्याची अक्षरं दिसतात, कधी तेलाच्या डब्यावरचं अर्धं फूल. जुन्या डब्यांचे पत्रे आणून, उलटे करून, त्यांवर इंजिनं छापलेली. एका इंजिनाच्या पोटात एका बाईचा डोळा आहे. नुसता एक डोळा, भुवईसकट. ते मी यांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा हे दचकले होते.

लोकांना वाटतं, रेल्वेचं वेड असेल. अजिबात नाही. आमच्या हिंगोलीवरून छोटी लाईन गेली आणि मोठी लाईन आली, तेव्हा लोक जुन्या गाडीच्या आठवणींनी हळवे झाले होते. मी नाही झाले. खऱ्या इंजिनाला मी कधी हातसुद्धा लावला नाही. मला पत्र्याचं पाहिजे, तळहातावर मावणारं, आणि दुसऱ्यापेक्षा कुठंतरी केसभर वेगळं.

हळदीच्या हंगामात आम्ही शिरड शहापूरच्या वाटेला असलेल्या आमच्या शेतावर जातो. धाकटे दीर, रंगनाथभाऊजी, शेती बघतात. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीपुढं सारवलेलं मोठं खळं. हळदीचं काम सलग नसतं. काढणी झाली की शिजवायची, शिजली की खळ्यावर पसरायची, मग पंधरा दिवस नुसतं वाळू द्यायचं. कामाच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नाही आणि वाळवणीच्या दिवसांत वेळच वेळ. त्या वेळासाठी मी इंजिनांची पेटी बरोबर नेते. दुपारी पडवीत बाजेवर धोतराचं पान अंथरून एकोणीसच्या एकोणीस मांडते आणि एकेक हातात घेऊन बघत बसते. समोर खळ्यावर पिवळी हळकुंडं, बाजेवर लाल-निळी इंजिनं. मला विचाराल तर सुख म्हणजे एवढंच.

पण आज सांगायचाय तो हंगाम वेगळा. माझी नोकरी तेव्हा वर्षभर उरली होती. मार्च लागला होता, सकाळची शाळा होती, आणि मी शाळा आटोपून दुपारपर्यंत आखाड्यावर यायची. त्या साली ठकूबाई पहिल्यांदा आमच्या शेतात उतरली.

ठकूबाई धनगराची. नवरा-बायको आणि दीडएकशे मेंढरं, पाच-सात शेळ्या. हळद काढून रान मोकळं झालं की असे लोक शेतात मेंढरं बसवतात. तीन-चार दिवस कळप त्या रानात मुक्कामाला राहतो, खत पडतं, आणि शेतकरी त्यांना ज्वारी देतो. भाऊजींनीच त्यांना बोलावलं होतं. ठकूबाईचा नवरा मेंढरांभोवती कुडाच्या जाळ्या रोवायचा आणि बाकी सगळं ती बघायची. माझ्याच वयाची, उंच, हातात काठी, डोळे बारीक केलेले. बोलायची कमी. आमच्या विहिरीवर पाणी भरायला आली तरी आधी विचारायची, "घेऊ का बाई?" रोज विचारायची. मी म्हटलं, "अहो ठकूबाई, विहीर काय मी पाठीवर घेऊन जाणाराय? घ्या की." तरी दुसऱ्या दिवशी विचारलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजेवर इंजिनं मांडून बसले होते. मेंढरं बांधावरून चालली होती. पुढं एक काळी शेळी, तिच्यामागं सगळा कळप. शेळीच्या गळ्यात काहीतरी खडखडत होतं. खडक्-खडक्, खडक्-खडक्. मी सहज मान वर केली आणि हातातलं इंजिन तसंच राहिलं. तिच्या गळ्यात सुतळीला बांधलेलं जे लोंबत होतं त्याला धुराडं होतं.

मी चपला न घालता पळाले. ढेकळांतून, साठीकडं झुकलेली बाई! हे पडवीतून ओरडले, "अगं, साप हाये का काय?" मी शेळीपाशी जाऊन गुडघ्यावर बसले. शेळीनं माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई कुठून सुटली. इंजिनच होतं. चाकं गेलेली, चावी गेलेली, खालचा पत्रा दाबून बंद केलेला. आणि रंग हिरवा. माझी सगळी लाल नाहीतर निळी. हिरवं असतं असं एका भंगारवाल्यानं मला कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं होतं. हे हिरवं होतं, गंजाखालूनही हिरवंगार. आणि त्यातला डायव्हर समोर बघत नव्हता. खिडकीतून हात बाहेर काढून टाटा करत होता. असला डायव्हर मी जन्मात पाहिला नव्हता.

"ठकूबाई, हे कुठून आणलं?"

"लई जुनं हाये बाई. लेकीसाठी घेतलं व्हतं जत्रंत. तिचं लगीन झालं, तिला दोन लेकरं झाली. चाकं मोडली तवा मीच दोन नट घातले आत अन् शेळीच्या गळ्यात बांधलं."

"मला देता का?"

ती हसली. मग मी हसत नाही हे तिनं बघितलं. काठीनं ढेकूळ उकरत म्हणाली, "मेंढरं ह्याच्यामागं चालतेत, बाई. ही तिसरी शेळी हाये. शेळ्या मरून गेल्या, मेंढरं नवी आली, आवाज त्योच हाये."

खरं म्हणजे तिनं सगळं सांगून टाकलं होतं. पण मी ऐकलंच नाही. मी शिक्षिका, चौतीस वर्षं समोरच्याला समजावून सांगण्याचा धंदा. मला एवढंच ऐकू आलं, की हिला आवाज पाहिजे. मग आवाजच तर द्यायचा! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच जीप धरून हिंगोलीला गेले, बाजारात चार दुकानं पालथी घातली आणि पितळेची घंटा आणली. चांगली जड, लखलखीत, वाजवली तर अख्खी पेठ वळून बघेल अशी. येताना वाटेत मी ती मांडीवर घेऊन बसले होते आणि जीपमधले लोक ती देवळाची समजून मला जागा करून देत होते.

घंटा मी ठकूबाईच्या हातात ठेवली. म्हटलं, "बघा, कशी वाजते. त्या डबड्यापेक्षा शंभरपट चांगली. जन्मभर गंजायची नाही." ठकूबाईनं घंटा वाजवली नाही. नुसती उलटी करून बघितली. मग आमच्या आखाड्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, पडवीत तिच्यासाठी काढून ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्याकडं बघितलं. आणि खाली बसून शेळीच्या गळ्यातली सुतळी सोडली.

"घ्या बाई," म्हणाली. "तुमी एवढ्या मनानं मागून राहिल्या."

त्या वेळी मला ते तिचं मोठं मन वाटलं. दुसऱ्याच्या शेतात उतरलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. सुचलं असतं तरी मी थांबले असते की नाही, देव जाणे. हातात हिरवं इंजिन आलं होतं.

त्या संध्याकाळपासून मी जमिनीवर नव्हते. जिभा मोजल्या: एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच. चावीचं भोक डावीकडं. धुराड्याला कंगोरा नाही. चावीच्या भोकातून किलकिल्या डोळ्यानं बघितलं तर पोटात कुठल्यातरी डब्याचं निळं आभाळ आणि त्यात एक पक्षी. मी यांना दहा वेळा दाखवलं. हे दहाही वेळा "वा!" म्हणाले, शेवटच्या तीन वेळा न बघता. रंगनाथभाऊजींना पण दाखवलं. भाऊजी म्हणजे साधा माणूस, हात कायम पिवळे, मनात काही ठेवणार नाहीत. म्हणाले, "वहिनी, समद्यात भारी हेच का?" मी म्हटलं, "भाऊजी, असलं दुसरं अख्ख्या महाराष्ट्रात कुणाकडं नसेल." त्यांनी मान हलवली. मग हुंगून म्हणाले, "वास लई येऊन राहिला शेळीचा."

आता इथं हळदीच्या पॉलिशचं सांगायला पाहिजे. वाळलेली हळद खडबडीत असते, मातीची सालं चिकटलेली. ती लोखंडी ड्रममध्ये भरतात आणि ड्रम मोटारीवर फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर, ड्रमच्या खरबरीत पत्र्यावर घासतात, सालं उडतात, आणि आतून सोन्यासारखी हळद निघते. तो धुरळा इतका उडतो, की काम करणाऱ्याच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. भाऊजींना ह्या ड्रमचा भारी अभिमान. एकदा गंजलेले नटबोल्ट त्यांनी हळदीच्या कणीबरोबर ड्रममध्ये फिरवले होते आणि चकचकीत करून गावभर दाखवले होते. तेव्हापासून त्यांचं ठाम मत, की ड्रममधून निघालेली कोणतीही गोष्ट वाईट होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ड्रम नुकताच थांबला होता. भाऊजी पिवळे धमक होऊन हसत उभे. दोन्ही हात पाठीमागं. "वहिनी, डोळे मिटा."

मी मिटले. हातात गार काहीतरी आलं.

उघडले तर तळहातावर पांढराफक्क पत्रा. इंजिनाच्या आकाराचा. हिरवा गेलेला, डायव्हर गेलेला, त्याचा टाटा करणारा हात गेलेला. छपराच्या आडोशाला बोटभर हिरवी रेघ तेवढी राहिली होती. सगळ्या अंगाला पोचे, आणि खाचांत हळद.

"लई गंज व्हता," भाऊजी म्हणाले. "आता बघा कसं चमकून राहिलं!"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अडाणी म्हटलं. त्याहून वाईटही म्हटलं. वर्गातल्या पोरांना कधी बोलले नाही तसलं त्या पन्नाशीच्या माणसाला बोलले, मजुरांसमोर. त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, पुसायचं त्यांना सुचेना. मग "बरं" म्हणाले आणि ड्रमकडं वळून हळद काढायला लागले. मी पडवीत येऊन तोंड फिरवून बसले. त्या संध्याकाळी त्यांचं ताट मी वाढलं नाही. दुसऱ्या सकाळी चहा दिला तो यांच्या हातून.

आज हे लिहिताना मला त्यांची बाजू जास्त दिसते. जमवणारी माणसं धूळ, गंज, पोपडे जपतात, आणि त्यात किती वर्षं गेली ते बघतात. शेतकऱ्याला माल लख्ख करूनच बाजारात न्यावा लागतो. ज्या माणसाचं आयुष्य सालं काढण्यात गेलं, त्यानं आपल्या वहिनीच्या सगळ्यात आवडत्या वस्तूचं साल काढलं. ह्यात प्रेमाशिवाय दुसरं काय होतं? पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तो टाटा करणारा हात होता आणि मला रडायला येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई पडवीच्या कडेला येऊन उभी राहिली. मेंढरांनी आमच्या रानातला मुक्काम संपवून सकाळीच रस्त्यापलीकडच्या रानात जायचं होतं. ती अजून इथंच होती. पदराच्या गाठीत काहीतरी जड बांधलेलं.

"काय झालं ठकूबाई? गेला नाहीत अजून?"

"मेंढरंच उठून न्हाई राहिली, बाई." तिनं पदराची गाठ सोडली. पितळेची घंटा. "वाजवली की टकामका बघतेत नुसती. सकाळधरून तीन बार रस्त्याला नेली. निम्मी येतेत, निम्मी माघारी फिरतेत. एक कोकरू जीपखाली येता येता वाचलं." मग खाली बघून म्हणाली, "घंटा लई चांगली हाये. मेंढरंच येडी हायेत. रागावू नका बाई. तकलीफ देऊन राहिले तुमाला."

ती माझी माफी मागत होती. तिचं कोकरू जीपखाली जाणार होतं ते माझ्या हौसेपायी, तिचा कळप भर उन्हात दिवसभर खोळंबला होता तो माझ्या हौसेपायी, आणि ती मला म्हणत होती, रागावू नका.  मी आत जाऊन इंजिन आणलं. ते तिच्यापुढं धरलं. वाटलं, आता ही बघेल आणि म्हणेल, हे काय केलं?

तिनं बघितलंच नाही. म्हणजे रंगाकडं, पोच्यांकडं, कशाकडंच बघितलं नाही. इंजिन हातात घेतलं, कानाशी नेलं, डोळे मिटले आणि हलवलं. खडक्-खडक्. पुन्हा हलवलं. मान वाकडी करून ऐकलं, जशी मी जिभा मोजते तशी.

"घसा बसलाय जरा," म्हणाली. "पन आवाज त्योच हाये."

तेव्हा मला कळलं, की माझ्यापेक्षा बारीक पारख असलेली बाई चार दिवस माझ्या विहिरीवर पाणी भरत होती. पुढं तिच्याकडून मी खूप ऐकलं. आता ती दर साली येते. कोणत्या शेळीच्या गळ्यात काय बांधलंय हे ती पाठ फिरवून सांगते. घुंगरू फुटलं तर आवाजावरून सांगते, की चीर आडवी आहे का उभी. एकदा मी तिला माझी एकोणीसही इंजिनं दाखवली. तिनं एकेक हलवून बघितलं, आणि त्यातली दोन वेगळी काढून म्हणाली, "ह्या जुळ्या बहिनी हायेत." मी दोन्ही उलटी करून बघितली. दोघींच्या पोटात एकाच डब्याची अक्षरं होती. अक्षरं एकीत संपत होती आणि दुसरीत पुढं चालू होत होती. अठरा वर्षं ती माझ्याकडं होती आणि मला पत्ता नव्हता. यंदाही शिजणाऱ्या हळदीचा वास आला तसा मला आधी ठकूबाईला फोन करावासा वाटला. रान कधी मोकळं होईल ते तिला सांगायचं असतं. हे म्हणतात, तुला आता इंजिनांपेक्षा मेंढरांची घाई.

पण त्या दिवसाचं राहिलंच. ठकूबाई इंजिन घेऊन रानाकडं गेली. मीही मागं गेले, ह्या खेपेला चपला घालून. शेळीला धरून तिनं सुतळी माझ्या हातात दिली. "तुमीच बांधा, बाई." मला गाठ जमेना. तिनं माझ्या बोटांवर बोटं ठेवून बांधून घेतली. शेळीनं मान झटकली. खडक्-खडक्.

दीडशे मेंढरं बसलेली होती, विखुरलेली, तोंडं चार दिशांना. एकदम सगळ्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी. मग एक उठलं, दहा उठली, आणि बघता बघता सगळं रान उठून त्या शेळीमागं चालायला लागलं. ठकूबाईनं काठीसुद्धा उचलली नाही. रस्त्याशी भाऊजी उभे होते, जीपवाल्यांना हात करून थांबवत. कळप त्यांच्यासमोरून एका ओळीत पलीकडं गेला. पुढं ते उघडं इंजिन उन्हात चमकत होतं, आणि शेवटचं कोकरू पलीकडं पोचेपर्यंत त्याचा आवाज येत होता.

घंटा ठकूबाईनं परत दिली होती, ती माझ्याच हातात राहिली. मी भाऊजींपाशी गेले. पापण्या अजून पिवळ्या होत्या त्यांच्या. कालपासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनीच खाली बघत विचारलं, "वहिनी, लई नुकसान केलं का हो मी तुमचं?"

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "तुमी नुसता रंग काढला. मी तर ठकूबाईचा आवाजच काढून आणला होता."

त्यांना ते कितपत समजलं, कोण जाणे. पण ते हसले. मग मी पडवीत गेले आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.